जिना घासायचं मशीन

नाही, तो खाली ठेवा आधी. खोक्यावरचं चित्र बघून सँडर घ्यायचा नसतो — चित्रात सगळ्यांचीच धूळ पिशवीत जाते, आणि चित्रातला माणूस पांढरा शर्ट घालून उभा असतो. पांढरा शर्ट घालून लाकूड घासणारा माणूस या दुकानात मी एकतीस वर्षांत पाहिलेला नाही. तुम्हाला स्वस्तातला हवाय, बरोबर? त्यात लाजायचं काय. घरच्या कामाला तीनशे डॉलरचा सँडर नेणारे लोक वेगळे, त्यांना मशीन हवं असतं, काम नको असतं. तुमचं तसं दिसत नाही. या, इकडे टेबलापाशी या. तीन काढून ठेवलेत मी. मला सगळे वॉली म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. तुम्ही ग्रिफिथचं घर घेतलंत ना — टेकडीवरचं, चर्चच्या मागचं? अहो, गावात घर विकलं गेलं की आम्हाला पहिल्यांदा कळतं. पहिल्या दिवशी लोक कुलूप बदलायला येतात, दुसऱ्या दिवशी उंदराचे सापळे न्यायला. तुम्ही सापळे नेलेत का? न्याल. ग्रिफिथ म्हातारा उंदरांना नावांनी ओळखायचा.

तर हा चाळीसवाला. वाईट नाही. फिरतो, घासतो, आवाज करतो. पण वेग एकच — एक तर चालू, नाही तर बंद. आणि हा असा हातात उचलून चालू केला की — थांबा, करूनच दाखवतो — ऐकलंत? हवेत कसा सुसाट सुटतो. खालच्या तबकडीला ब्रेक नाही याच्या. असा सुटलेला लाकडावर टेकवलात की पहिल्याच फटक्यात चंद्रकोरीसारखा खड्डा, आणि तो काढता काढता दुपार जाते. हा नव्वदवाला बॅटरीचा. दिसतो छान, पण बॅटरी वेगळी घ्यायची, ती वीस मिनिटांत मान टाकते, मग आपण कॉफी पीत बसायचं. घरात वीज आहे ना? मग वायरवाला घ्या. राहिला हा मधला, साठवाला. पाच इंचांची तबकडी, तिला आठ भोकं, वेग कमीजास्त करायला हे चाक, सँडपेपरच्या चकत्या नुसत्या दाबल्या की चिकटतात, ओढल्या की निघतात. आणि हे बघा, मागचं तोंड. इथे व्हॅक्यूमची नळी बसते. लोक हे तोंड बघतच नाहीत. वजन बघतात, रंग बघतात, माझी बायको असती तर तिने पण रंगच बघितला असता. पण सँडरचा सगळा जीव या तोंडात आहे — धूळ कुठे जाते ते विचारायचं आधी, मग बाकीचं.

मी तुमच्या जागी असतो तर साठवाला घेतला असता आणि चकत्यांवर दहा डॉलर जास्त घातले असते. इथेच सगळे चुकतात. मशीन बरं घेतात आणि चकत्या भंगार. ऐंशी नंबरने, म्हणजे खरखरीतने सुरू करा, मग एकशेवीस, मग एकशेऐंशी. मधली पायरी गाळायची नाही. ऐंशीवरून थेट दोनशेवीसवर उडी मारणारे लोक मी रोज बघतो, आणि मग व्हार्निश लावल्यावर सगळ्या पृष्ठभागावर डुकराच्या शेपट्यांसारखी वेटोळी दिसायला लागतात, तेव्हा इथे येऊन माझ्यावर डाफरतात. दाबायचं नाही. हाताचं वजन पुरे. आणि एक करा — पेन्सिल घ्या, साधी शाळेतली, आणि फळीवर उभ्या-आडव्या रेघोट्या मारा. लहान मूल मारतं तशा. रेघ गेली म्हणजे तिथलं घासून झालं, राहिली म्हणजे राहिलं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हातावरही नाही. रेघोट्या खोटं बोलत नाहीत.

मी शिकलो तसाच. माझ्या घरी जिना आहे, ओकचा, तेरा पायऱ्या आणि कठडा. कठड्याचे दांडे एकोणचाळीस — एका पायरीला तीन. तो पूर्ण मी एकट्याने घासलाय, एका फेब्रुवारीत. तेव्हा मी इथे नव्हतो, ब्राँझ ओतायच्या गिरणीत होतो; हिवाळाभर ती बंद होती, सगळ्यांना घरी बसवलं होतं, मग करणार काय, टीव्ही किती बघणार. आजही कोणी घरी आलं की आधी जिन्याला हात लावतं. काचेसारखा आहे. एक बाई तर चौथ्या पायरीवर बसूनच राहिली होती, म्हणाली, इतका सुरेख जिना मी या जिल्ह्यात पाहिला नाही. पण ते जाऊ दे. तुम्ही काय घासणार आहात? टेबल? कपाट?

जिना.

हो, असणारच. ग्रिफिथकडचा जिना मी पाहिलाय, आत शिरलं की डावीकडे वळतो तो. चांगलं लाकूड आहे खाली, चेस्टनट असावं. पण त्यावर रंग आहे ना? पांढरा. आणि पांढऱ्याखाली? — तुम्हाला कसं माहीत हिरवा आहे ते? कोपरा खरवडून पाहिलात. बरं. घर कधीचं, एकोणीसशे बाराचं? चौदाचं. म्हणजे हिरव्याखाली अजून दोन तरी थर असतील. — तुमच्या शर्टाच्या खिशातून ती रबरी चोखणी डोकावतेय. किती मोठं बाळ? अकरा महिने. मुलगी. रांगते की उभी राहायला लागली? धरून उभी राहते. काय धरून?

थांबा. सँडर राहू द्या जरा. बिल करू नंतर, पळून जात नाही ते. हे पाकीट बघा. यात दोन काड्या असतात, कापसाच्या बोळ्यासारख्या. रंगाला चाकूने एक चीर पाडायची, सगळ्यात खालच्या थरापर्यंत, आणि काडी दाबून अर्धं मिनिट घासायची. लाल झाली की त्यात शिसं आहे. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरला बंदी आली, त्याआधीच्या घरांना तोच रंग असायचा, या गावात तर सगळ्यांनाच, कारण तो टिकायचा. शिसं घातलेला रंग टिकतो — शंभर वर्षं टिकतो, म्हणून तर तुमच्या जिन्यावर आहे अजून. लावलेला असतो तोवर कोणाला काही करत नाही. घासला की पीठ होतं. — हो, ऐकलंय, सगळ्यांनीच ऐकलंय. पोपडे खाणारी मुलं, झोपडपट्ट्या, शहरातली जुनी घरं. तुमची मुलगी पोपडे खाणार नाही, माहीत आहे मला. पोपडा खावा लागत नाही हो. पीठ जमिनीवर बसतं, ती जमिनीवर हात टेकते, हात तोंडात घालते, तिथून शिसं रक्तात, रक्तातून मेंदूत. झालं.

तुम्हाला वाटतंय म्हातारा दहा डॉलरच्या काड्या गळ्यात मारतोय. घ्या, फुकट घ्या. मी भरीन त्याचे. — ऐका, माझ्या मुलाला झालं होतं. म्हणून सांगतोय. टॅड नाव त्याचं. दीड वर्षाचा होता. नेहमीच्या तपासणीला नेलं, बोटाला टोचून रक्त घेतलं, आठवड्याने फोन आला. रक्तातल्या शिशाचा आकडा अडतीस. तेव्हा दहाच्या वर गेला की डॉक्टर भुवया उंचावायचे. अडतीस म्हणजे काय ते आम्हाला कुठे माहीत, मार्लीन — माझी बायको — फोन खांद्यावर धरून बटाटे सोलत होती, तिने अडतीस आकडा वीजबिलाच्या मागे लिहून घेतला आणि मला विचारलं, अडतीस चांगलं असतं का रे. मग काउंटीच्या आरोग्य खात्याची बाई आली, बंदुकीसारखं एक यंत्र घेऊन. भिंतीला लावलं की आतलं शिसं सांगतं ते. आमच्या घरात काही सापडलं नाही. खिडक्या आम्ही नव्या बसवल्या होत्या, भिंतींवर नवे तक्ते ठोकले होते. मग तिने विचारलं, मूल आणखी कुठे असतं? तर सासूकडे. आग्नेस, आम्ही सगळे बाबची म्हणायचो, पोलिश लोक आजीला म्हणतात तसं. एप्रिलपासून मी गिरणीत परत जायला लागलो होतो, मार्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती, म्हणून टॅड दिवसभर बाबचीकडे. तिच्या पोर्चला जुन्या वरखाली सरकणाऱ्या खिडक्या. ती बाई तिथे गेली, यंत्र लावलं, आणि यंत्र ओरडायला लागलं. प्रत्येक खिडकी. प्रत्येक वेळी खिडकी वर-खाली केली की पूड पडते, आणि खालीच टॅडची चटई. झालं, सापडलं.

म्हणून म्हणतो. जुनं घर म्हणजे—

काय म्हणालात?

नाही. नाही, तसं नाही. तुमच्या खिडक्या नव्या आहेत, चांगली गोष्ट आहे. ग्रिफिथच्या मुलाने बसवल्या होत्या, चौकटी मीच विकल्या होत्या त्याला. पण म्हणून जिना—

म्हणजे मी तुम्हाला सांगितलं काय आणि तुम्ही घेतलंत काय. चूक तुमची नाही. सांगितलं तसंच घेतलंत. खिडक्यांमुळे झालं, आणि वॉलीने स्वतःचा जिना तर पूर्ण घासला, त्याच्या घरात तर यंत्राला काही सापडलं नाही. बरोबर आहे. असंच ऐकू येतं ते. तेहतीस वर्षं मी हे असंच सांगत आलोय — या काउंटरवर उभं राहून कित्येकांना सांगितलं असेल, माझ्या सासूच्या खिडक्या म्हणून, आणि कोणी तुमच्यासारखं उलटून बोललं नाही की मग जिन्याला काही धोका नाही ना. लोक मान हलवतात, काड्या घेतात, जातात.

जरा बसू का मी. गुडघा धरतो. तू पण बस, तो पिंप ओढ, रिकामा आहे.

सापडणार कसं. तिच्या यंत्राला सापडणार कसं, सांग मला. जिन्यावर काही उरलंच नव्हतं. कोरं लाकूड आणि त्यावर व्हार्निशचे तीन हात. जे होतं ते मी सगळं काढलं होतं. चौथ्या पायरीवर बसली होती म्हणालो ना — ती तीच. काउंटीची बाई. यंत्र मांडीवर ठेवून कठड्यावरून हात फिरवत म्हणाली, इतका सुरेख जिना. मला विचारलं, यावर आधी काय होतं? मार्लीन शेजारीच उभी होती, टॅड तिच्या कडेवर. मी म्हणालो, काही नाही, जुनं व्हार्निश होतं, काळं पडलेलं. बस. एवढंच म्हणालो. एक वाक्य आहे ते. तिने कागदावर लिहून घेतलं. मार्लीनने माझ्याकडे पाहिलं पण नाही, तिला कुठे आठवत होतं वरचा रंग काय होता, आम्ही राहायला येऊन वर्षच झालं होतं, आणि मी घासायच्या आधी जिन्यावर गालिचा असायचा.

तपकिरी होता. तपकिरीखाली मलईचा, त्याखाली हिरवा, त्याखाली करडा. एक एक थर पातळ होत जातो ना, तेव्हा गोल गोल रंगीत वर्तुळं दिसतात, एकात एक, झाडाच्या बुंध्यासारखी. तू पाहिली असशील — नाही, तू कशी पाहशील. मला ती फार आवडायची. मी टॅडला उचलून दाखवायचो. मी घरी होतो ना त्या फेब्रुवारीत, त्याला मीच सांभाळायचो. जिन्याच्या पायथ्याशी जाळीचा चौकोन लावून त्यात त्याला ठेवायचो, खेळणी घालून, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर. सँडर चालू केला की तो झोपून जायचा. त्या आवाजाला झोपायचा — बंद केला की उठायचा. म्हणून मी बंद करत नव्हतो. मॉलमधून आणलेलं सगळ्यात स्वस्त मशीन, असली मशीनं तेव्हा नवीनच आली होती, कापडी पिशवी होती मागे, ती पहिल्याच दिवशी गळून पडायला लागली. चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी काढूनच टाकली. बाहेर शून्याखाली वीस, खिडकी कशी उघडणार, मूल गारठेल. दुपारी मार्लीन यायच्या आत झाडून घ्यायचो. कोरड्या झाडूने. टॅडच्या केसांवर पांढरं बसायचं, मी त्याला म्हणायचो, म्हातारबुवा, चला अंघोळीला.

माझ्या तोंडाला सगळा महिना गोडसर चव होती. शिसं गोड असतं, तुला माहीत आहे? मला नव्हतं माहीत. म्हणजे — ऐकलं होतं. गिरणीत फलकावर कागद लावलेला असायचा, शिशाबद्दल, हात धुण्याबद्दल. त्याच्या खाली आम्ही मासे पकडायच्या स्पर्धेची चिठ्ठी लावायचो. ऐकलं होतं मी. फेब्रुवारीत डोक्यात आलं नाही, हे खरं. पण मार्लीनने तो आकडा वीजबिलाच्या मागे लिहिला ना, त्याच क्षणी आलं. ती विचारतेय अडतीस चांगलं असतं का, आणि मी जिन्याकडे बघतोय.

काउंटीची बाई सोमवारी येणार होती. शुक्रवारी मी मार्लीनला म्हटलं, तुम्ही दोघं दोन दिवस आईकडे जा, मी घर नीट साफ करतो, परकी बाई येतेय. तिला केवढं कौतुक वाटलं. आईला फोन करून सांगितलं तिने, वॉली घर पुसतोय म्हणून. ओल्या फडक्याने सगळं घर पुसलं मी, दोनदा. बैठकीतला गालिचा गुंडाळून कचराकुंडीवर नेऊन टाकला. दुधाच्या बाटल्यांचा खण पुसला. आणि ती दोघं त्या दोन दिवसांत कुठे होती तर बाबचीच्या पोर्चवर, त्या खिडक्यांखाली. मी त्यांना तिथे पाठवलं.

बाबचीच्या खिडक्यांत शिसं नव्हतं असं नाही. होतं. सगळ्यांच्याच खिडक्यांत असतं. त्यामुळे मला सोपं गेलं.

मार्लीनने टॅडला परत कधी त्या घरात नेलं नाही. बाबचीने सगळ्या खिडक्या काढून टाकल्या, पोर्च घासून धुतला, गुडघ्यांवर बसून, पासष्ट वर्षांची बाई — आणि घासू नका हे सांगायला पण मी गेलो नाही. दर शनिवारी ती दारात डबा ठेवून जायची, पिरोगी करून, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांसारख्या, टॅडला आवडायच्या तशा. बेल वाजवायची नाही. मार्लीन डबा उचलायची आणि जशाच्या तशा कचऱ्यात टाकायची, त्याच स्वयंपाकघरात केल्यात म्हणून. डबा धुऊन पायरीवर ठेवायची. पुढच्या शनिवारी तोच डबा भरून. अकरा वर्षं. मी एकदा म्हटलं तिला, जाऊ दे ना आता, तुझी आई आहे ती. तर माझ्यावर केवढी भडकली — तुझ्या आईने केलं असतं तर तू काय केलं असतंस? बाबची गेली तेव्हा मार्लीन शेवटचे चार दिवस होती तिच्याजवळ. बाबची तिला म्हणाली, मला माहीत नव्हतं गं. एवढंच परत परत, पोलिशमध्ये. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. मला पोलिश येतं.

आणि मार्लीन गेली गेल्या वर्षी ऑक्टोबरात. पोटाचं होतं, सहा आठवड्यांत संपलं. तिला सांगायचं मी ठरवलं होतं. रोज गाडीतून जाताना ठरवायचो. एक दिवस तीच म्हणाली, आईला मी तोंडाने म्हणायला हवं होतं रे, की माफ केलं. मी तेव्हा उशी नीट करत होतो. उशी नीट केली. पाणी हवंय का विचारलं. तिला नको होतं.

टॅड? टॅड चौतीस वर्षांचा आहे. रिकाम्या बाटल्या परत घेतात ना, पुलाजवळ, तिथे असतो दिवसाला तीन तास. हिरव्या एकीकडे, पांढऱ्या एकीकडे. चांगलं करतो. दोन गोष्टी एकदम सांगितल्या तर दुसरी त्याच्यापर्यंत पोचत नाही. राग आला तर दारावर डोकं आपटतो, आणि मग मला म्हणतो, सॉरी डॅड. मला म्हणतो. हे साठवालं मशीन तेव्हा असतं तर — माझा तोही विचार करून झालाय. नळी लावली असती, पिशवी नीट असती. काही झालं नसतं निराळं. थोडं कमी झालं असतं. मशीनचा दोष नव्हता.

तर आता तुला कळलं खिडक्यांचं काय ते. जिना घासायचा नाही. घासायचाच नाही, कुठल्याच मशीनने. हवं तर त्याच रंगावर नवा रंग दे — खालचा झाकला गेला की बसतो गप्प. अगदी लाकूडच बघायचं असेल तर ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना बोलाव, ते प्लॅस्टिक लावून, अंगभर कपडे घालून करतात, महाग पडतं. नाही तर थांब चार वर्षं. चेस्टनट कुठे जात नाही. तुला मी सँडर विकणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस—

असा का बघतोयस?

कुठलं मशीन जळलं?

मेव्हण्याचं. उसनं आणलं होतं. म्हणजे तुला हे पहिलं नकोय. बदली हवंय. म्हणजे हिरवा तुला कोपरा खरवडून दिसला नाही.

किती पायऱ्या झाल्या? सहा. आणि कठडा. कधीपासून? गेल्या रविवारपासून — म्हणजे आठ दिवस, नऊ. खिडकी? बंद, बरोबर, नोव्हेंबर आहे. मुलगी कुठे होती? मधलं दार लावलेलं होतं. दाराखाली फट आहे त्या दाराला, ग्रिफिथ तिथे टॉवेल गुंडाळून ठेवायचा, वारा येतो म्हणून. आणि आता जिन्यावरून वर तिला कडेवर घेऊन जाता ना? कठड्याला हात लावते ती.

उठू नकोस. बस. घाबरून काही होत नाही, मी सांगतो तेवढं कर. आठ दिवस आहेत, महिना नाही. माझा महिना होता. पाचला वीस कमी आहेत, डॉक्टरांकडे पाचपर्यंत फोन घेतात. सांग त्यांना, शिशाच्या रंगाची धूळ, अकरा महिन्यांची मुलगी, उद्या सकाळी रक्त तपासायचंय. ते ठेवून घेतील नाव, त्यांना रोजचं आहे. आज मुलीला त्या घरात झोपवायचं नाही. तुझ्या बायकोची आई कुठे असते? — बरं, मग मैत्रीण, मोटेल, कुठेही. तिचे हात धू, कपडे वेगळे धू, तुझे पण, हा शर्ट इथून गेल्यावर बाळाला जवळ घेण्याआधी काढ. झाडू नकोस. व्हॅक्यूम लावू नकोस, साधा व्हॅक्यूम नुसतं उडवतो. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं टाकून द्यायचं, पण ते उद्या. आणि काउंटीला फोन कर, ते येतात यंत्र घेऊन, फुकट.

नाही. आधी साफ करून मग सांगतो, असं नाही. ऐकतोयस ना? मला कळतंय तुला काय वाटतंय — बायको आधीच दमलीय, घर तूच घ्यायला लावलंस, आज पुसून टाकतो, रिपोर्ट येऊ दे, बरा आला तर सांगायचंच कशाला. मला हे सगळं पाठ आहे. तू आज पुसलंस ना, की उद्या तुझ्याकडे न सांगायला एक कारण असेल, परवा दोन. आणि दोष ढकलायला कोणीतरी तिसरंच मिळेल. नेहमी मिळतं कोणीतरी. धूळ जशी आहे तशी राहू दे, तिला दाखव. पहिलं वाक्य हेच — मी घासलं. मग डॉक्टर, मग बाकीचं.

रिपोर्टमध्ये काय येईल मला नाही सांगता येणार. पाच येईल, पंधरा येईल. लवकर कळलं की बरंच काही करता येतं म्हणतात. मी कोणी डॉक्टर नाही.

काय?

त्याला? टॅडला माहीत आहे का?

तो बाबचीच्या कबरीवर फुलं ठेवत नाही. मे महिन्यात सगळ्यांच्या ठेवतो, माझ्या वडिलांच्या, मार्लीनच्या, शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्यासुद्धा. तिच्यापाशी आला की हात खिशात घालतो. आईने शिकवलं होतं त्याला.

तू तुझं बघ. काढ फोन, बायकोला लाव. मशीन राहू दे तिथेच, मी लावतो जागेवर. काड्यांचं पाकीट ठेव खिशात, आता त्याचा उपयोग नाही म्हणा, तरी ठेव. रिंग जातेय? — नाही, इथे नको. बाहेर जा, फुटपाथवर जाऊन बोल. थंडी असू दे. ते वाक्य तू माझ्यासमोर नको म्हणूस. जा. मला दुकान बंद करायचंय.